खाली अकरा, वर दहा

मित्रांनो, नऊ वर्षं म्हणजे काही म्हातारपण नव्हे. तुमच्यातले काही जण नवव्या वर्षी अजून आईच्या हातून जेवत असतील. पण मी लोखंडाचा आहे, आणि माझं आयुष्य गेलं समुद्राच्या तोंडासमोर. खारा वारा लोखंडाचं वय भरभर वाढवतो. म्हणून मी जुना दरवाजा झालो, आणि जुन्या माणसांसारखाच संशयीही झालो.

मालवणात समुद्राच्या कडेने फरसबंद पायवाट केली आहे. तिच्या कठड्यात मी बसवलेला होतो. उंची छातीएवढी, रंग निळा. माझ्या मागे शहर, आइस्क्रीमच्या गाड्या आणि बाकं. पुढे बारा पायऱ्या, आणि त्यांच्या खाली काळे खडक. ओहोटी लागली की ते खडक पार लांबपर्यंत उघडे पडतात. भरती आली की तिथे काही होतं हे सांगूनही खरं वाटत नाही.

माझा जन्म जवळच्या कट्टा गावच्या बाजारातला. शिवाच्या वेल्डिंगच्या दुकानात मला जोडलं. टेम्पोत चढवताना शिवा म्हणाला, "ह्येका दर वर्षा तेल घाला. नाय तर हो बोंबलत रवात." न्यायला आलेल्या चौघांनी लगेच माना डोलावल्या. इतक्या लगेच, की तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. जो माणूस ऐकून न घेताच मान डोलावतो, तो पुढे काय करणार हे उघड आहे. उद्घाटनाला नारळ फुटला, हार पडला, माझ्यावर हात ठेवून फोटो निघाले. तेल मात्र आलं नाही.

माझं काम सोपं. सकाळी उघडायचं, संध्याकाळी सहाला बंद व्हायचं. माझी उघडझाप दाजीच्या हाती होती. दाजी म्हणजे इथला राखणदार. कोपऱ्यातल्या खोपटात बसतो, शिट्टी वाजवतो आणि घड्याळाशिवाय कुणाचं ऐकत नाही. मी माझ्यापुरता आणखी एक उद्योग लावून घेतला. खाली गेले किती आणि वर आले किती, याचा हिशेब. संध्याकाळी दोन्ही आकडे जुळले की मला बरं वाटायचं.

मोजता मोजता माणसंही कळत गेली. "पाच मिनिटांत येतो" म्हणणारा पाऊण तासाने येतो. "भरती कधी आहे हो?" असं दाजीला विचारणारा उत्तर येण्याआधीच चौथ्या पायरीवर असतो. फोटोसाठी पोट आत घेणारे काका वर येताना ते बाहेरच ठेवून येतात.

आणि चपला. खडकावर चपला भिजतात, घसरतात, म्हणून लोक त्या वरच्या पायरीवर काढून जातात. इथे तर माणसाची खरी परीक्षा. कुणी चपलांवर ओढणी टाकून ठेवते. कुणी दगडाखाली सरकवतो. एक गृहस्थ दर रविवारी येतात, एक चप्पल माझ्या डाव्या बाजूला काढतात आणि दुसरी दहा फुटांवर, म्हणजे चोराला जोड मिळू नये. मित्रांनो, तुमच्या घरात असं कोण करतं ते मी विचारत नाही. तुमच्या चेहऱ्यावरून कळतंय.

पण माझा सगळ्यात मोठा संशय होता नर्मदेवर.

नर्मदा कालवं काढणारी. ओहोटीला टोपली आणि लहानसा कोयता घेऊन खाली जायची, खडकाला चिकटलेली कालवं, म्हणजे खायचे शिंपले, ठोकून काढायची आणि पाणी चढायच्या आत वर यायची. तिला घड्याळ लागत नसे. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ हाती येते, हे इथल्या जुन्या लोकांचं गणित. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. इथपर्यंत ठीक. पण वर आल्यावर ती घरी जात नसे. पायरीच्या कडेला बसून कालवं फोडायची, आणि मधेमधे तिची नजर चपलांवरून फिरायची. टोपली रिकामी झाली तरी बसून राहायची. शेवटचा जोड शेवटच्या माणसाच्या पायात गेला की मगच पदर झटकून उठायची. काम नसताना चपलांजवळ बसणाऱ्या बाईला काय म्हणायचं, तुम्हीच सांगा.

गेल्या हिवाळ्यात एका पाहुण्याचे नवे पांढरे बूट गेले. आरडाओरडा झाला. दाजीने सगळ्यांदेखत नर्मदेची टोपली उपडी करायला लावली. कालवं निघाली, कोयता निघाला, पाण्याची बाटली निघाली.

"बघलंस?" नर्मदा म्हणाली. "आता ती पण मोज. कमी पडली तर माझ्यार घाल."

"ह्या बघ नर्मदे," दाजी म्हणाला, "आजपासून कोणाच्या चपलांक हात लावलंस तर ह्या दरवाज्यातून खाली जाऊक गावाचा नाय."

खाली जायला मिळालं नाही तर कालवं नाहीत, आणि कालवं नाहीत तर चूल नाही. नर्मदेने सांडलेली कालवं पुन्हा टोपलीत भरली. ते बूट आजपर्यंत सापडलेले नाहीत. खरं सांगतो, त्या दिवशी मीही मनातल्या मनात दाजीच्याच बाजूने उभा होतो.

मग ती दशमी आली.

चार वाजता दोन गाड्या थांबल्या. ओरोसच्या कचेरीत नोकरी करणारा सुदेश, त्याची बायको किशोरी, मुंबईहून आलेले नातेवाईक, आणि धामापूरहून आणलेली सुदेशची आई सुशीला. मोजून अकरा जण खाली उतरले. सुशीलाबाई सगळ्यांच्या मागे, एकेक पायरी दोन्ही पायांनी उतरत. चपला तिने अगदी भिंतीला लावून ठेवल्या. निळ्या रबराच्या, उजव्या अंगठ्याला सेफ्टी पिन मारलेली.

साडेपाचच्या सुमारास पाणी चढू लागलं, तशी मंडळी वर आली. हसत, भिजत, आइस्क्रीमवरून भांडत. मी मोजत होतो. आठ, नऊ, दहा. मी अकराव्याची वाट पाहिली.

"आई खंय?" किशोरीने विचारलं.

"मागच्या गाडयेत बसली असात," सुदेश म्हणाला. मागच्या गाडीतल्यांनी धरून चाललं की ती पुढच्या गाडीत आहे. दोन्ही गाड्या निघून गेल्या.

खाली अकरा, वर दहा. नऊ वर्षांत असं झालं नव्हतं. पण माझा स्वभाव बघा, मित्रांनो. मी आधी स्वतःच्या मोजणीवरच संशय घेतला. पलीकडे कठड्यावरून कुणी उडी मारून गेलं असेल का? पण सुशीलाबाई आणि उडी? मग मी वाऱ्यावर हललो आणि असेल नसेल तेवढा गंज एकवटून करकरलो.

"ह्या दरवाज्याक तेल घालूक होया," दाजी खोपटातून म्हणाला, आणि कुलूप शोधू लागला. पावणेसहा झाले होते.

नर्मदा उठली. पायरीवर निळ्या चपला होत्या. तिने हात लावला नाही. लांबूनच वाकून पाहिलं.

"दाजी, एक जोड उरलो."

"उरलो तर उरलो. कोणतरी विसारलो असात."

"अनवाणी जाऊन गाडयेत बसलो?"

"मुंबैवाले काय पण विसारतत. त्येंका घराक धा जोड आसतत."

"हो मुंबैचो नाय. ह्येका पीन मारलेली आसा. पीन मारून वापरणारा माणूस चपलो विसराचा नाय."

दाजी हसला. "होयो तर घेऊन जा. नाय तरी तुझो डोळो सकाळपासून थंयच आसा."

नर्मदेने खाली पाहिलं. पहिल्या रांगेतले खडक पाण्यात गेले होते. मग तिने वाकून चपला उचलल्या, कमरेला खोचल्या, कोयता घेतला आणि माझ्यातून खाली निघाली.

"घेतल्यान," दाजी म्हणाला. मीही तेच म्हणालो. नऊ वर्षांचा संशय खरा ठरला की लोखंडालासुद्धा गुदगुल्या होतात. तिला चोरी करून पळायचं असतं तर ती शहराकडे गेली असती, समुद्राकडे नव्हे, एवढी साधी गोष्ट आम्हा दोघांच्याही ध्यानात आली नाही. संशय आला की अक्कल आधी बाहेर जाते.

"नर्मदे, सहा वाजले. मी दरवाजो बंद करतंय हा," दाजी ओरडला.

"कर. पण कुलूप घालू नको," मागे न बघता ती म्हणाली.

"घालतंय. रव आता रातभर थंयच."

त्याने मला ओढलं. कडी कोयंड्यात जाईना. पुन्हा ओढलं, लाथ घातली, दगडाने ठोकलं. मी तसाच अर्धा उघडा. गंज होता म्हणा, किंवा दुसरं काही म्हणा. मी त्याबद्दल जास्त बोलणार नाही. शेवटी दाजी तेलाची बाटली शोधायला खोपटात गेला. नऊ वर्षांत माझ्यासाठी तेल शोधायला गेलेला तो पहिला माणूस.

तो परत आला तेव्हा खडकांच्या वळणाशी दोन डोकी दिसत होती.

पुढे नर्मदा होती, मागे तिचा हात धरून सुशीलाबाई. लुगडं कमरेपर्यंत भिजलेलं. नर्मदा कोयत्याने पाण्यातला दगड चाचपायची, मग पाऊल टाकायची, मग मागे वळून म्हणायची, "हयसर ठेव. पांढऱ्यार. पांढरो खडक कापता, पण धरता. हिरवो कापणा नाय, पण न्हेता."

कालवांचे पांढरे खडक सुरीसारखे असतात, शेवाळाचे हिरवे निसरडे. सुशीलाबाईच्या पायात निळ्या चपला होत्या. नर्मदा अनवाणी होती.

दाजी बाटली हातात धरून उभाच राहिला.

वर आल्यावर सुशीलाबाई पायरीवर टेकली. "माझो डोळो लागलो गो," ती नर्मदेला म्हणाली. "गुडघे दुखतत म्हणान त्या डबक्यात पाय घालून बसलंय. इतक्या बरां वाटला. जागी झालंय तर सगळीकडे पाणी." मग मुलाच्या भीतीने आवाज बारीक करून म्हणाली, "माझ्या झिलाक सांगू नको. माका परत हय हाडूचो नाय."

तेवढ्यात गाडी करकचून थांबली. सुदेश धावत आला, चेहरा पांढराफटक.

"आये, तू खंय होतंस?"

"हयच होतंय," सुशीलाबाई म्हणाली. "तुमकाच मोजूक येणा नाय."

तिचं ओलं लुगडं पाहून सुदेशला काय ते कळलं. तो हात जोडून नर्मदेपुढे उभा राहिला आणि कचेरीतल्या मराठीत म्हणाला, "तुमचे उपकार मी कसे फेडू?"

"माझां काय नको," नर्मदा म्हणाली. "आवशीक नव्यो चपलो घे."

ते गेल्यावर नर्मदा टोपलीत कोयता ठेवू लागली. तिच्या टाचेतून पायरीवर रक्ताचा ठिपका उमटला होता. दाजीने तो पाहिला. माफी मागणं त्याच्या स्वभावात नाही. त्याने माझ्या बिजागरीत तेल ओतलं, बाटली संपेपर्यंत ओतलं, आणि मला हाताने पूर्ण उघडा धरून उभा राहिला. नर्मदा त्याच्यासमोरून बाहेर गेली.

दुसऱ्या दिवशी सहा वाजले, तरी दाजी कुलूप घेऊन थांबला होता.

"नर्मदे, किती उरलो?"

"दोन जोड."

ती दोन माणसं वर आल्यावरच कडी लागली. त्यानंतर रोज हेच. माझ्या हिशेबाचा उपयोग तो काय? मी नऊ वर्षं आकडे मोजले आणि नर्मदेला चोरांच्या रकान्यात बसवून ठेवलं. तीसुद्धा मोजतच होती. फरक इतकाच, की आकडा चुकला तेव्हा मी करकरलो आणि ती खाली उतरली.

मित्रांनो, गेल्या महिन्यात मला काढलं. माझ्या जागी चकचकीत स्टीलचा दरवाजा बसवला आहे. मी खोपटामागे भिंतीला टेकून आहे. एक मांजर माझ्या सावलीत झोपतं. नवा दरवाजा करकरत नाही. दिसायला छान आहे, पण मला त्याचा भरवसा वाटत नाही, आणि भरवसा सगळ्यांचाच थोडा कमी धरा, असं माझं सांगणं आहे. दरवाज्याला वेळेवर तेल घाला, तिथी विचारा, आणि गाडीत बसण्याआधी आपली माणसं मोजा. ती मागच्या गाडीत असतील असं धरून चालू नका.

आणि कधी संध्याकाळी पायरीवर चपलांचा एकच जोड उरलेला दिसला, तर आधी माणूस शोधा. चोर नंतरही शोधता येतो.