ओब्रेनकाका गेले त्या दिवशीचा सामना

रादिशा आणि मी सर्बियातल्या पाराचिन गावच्या एकाच गल्लीत वाढलो आणि गावच्याच संघातून खेळलो. तो मधल्या फळीत, मी गोलरक्षक. चेंडू पायात आला की तो आधी मान वर करून बघायचा. घाई त्याला ठाऊकच नव्हती. त्याचे वडील ओब्रेनकाका काचेच्या कारखान्यात भट्टीवर होते. पोराचं कौतुक त्यांनी तोंडावर कधी केलं नाही. "पळून पळून पोट भरतंय, बरं आहे," एवढंच म्हणायचे.

१९८७ च्या वसंतात आम्ही चषकाच्या उपांत्य फेरीत पोहोचलो. सामना बेलग्रेडला होता. बेल्जियममधल्या एका क्लबचा माणूस खास रादिशाला बघायला येणार, हे सगळ्यांना कळलं होतं.

सामन्याच्या सकाळी मी हॉटेलात खाली कॉफी पीत बसलो होतो. फोन आला, तो आमचे व्यवस्थापक त्रिफुन यांनी घेतला. पलीकडे रादिशाची बहीण स्मिल्या होती. ओब्रेनकाकांना पहाटे भट्टीवरच हृदयविकाराचा झटका आला होता आणि ते मुलाला बोलवत होते. संध्याकाळ निघेल असं डॉक्टर म्हणत नव्हते. त्रिफुन एकेक गोष्ट पुन्हा विचारून घेत होते, त्यामुळे मला सगळं समजलं. फोन ठेवून वळले तर समोर मी.

"तू काही ऐकलेलं नाहीस," ते हळूच म्हणाले. "सामना झाला की मीच सांगतो त्याला."

गाव गाडीने दोन तासांवर होतं. मी तेवीस वर्षांचा होतो. मी मान हलवली.

जेवताना रादिशा माझ्या समोरच बसला. माझं सूप तसंच राहिलेलं बघून त्याने विचारलं, काय झालं. भीती वाटतेय, असं मी सांगितलं. तो हसला. तुझ्यापर्यंत चेंडू येऊच देत नाही, मग तर झालं, म्हणाला.

आणि खरंच त्याने येऊ दिला नाही. तसा खेळ त्याने त्याआधी केला नव्हता आणि नंतरही केला नाही. दोन्ही गोल त्याच्या पासवर झाले. ओब्रेनकाका मध्यंतराच्या सुमारास गेले. त्रिफुननी सांगितलं तेव्हा रादिशाने एक बूट काढला होता. दुसरा न काढताच तो गाडीत जाऊन बसला.

अंतिम सामना आम्ही हरलो. तो बेल्जियमला गेला, नऊ मोसम खेळला. गुडघ्यावर तीन शस्त्रक्रिया झाल्या, संसार मोडला, मुली तिकडेच राहिल्या. मग तो परत येऊन बापाच्या घरात एकटा राहू लागला. रोज सकाळी आम्ही एकत्र कॉफी घ्यायचो. दोघांनीही त्या सामन्याचं नाव कधी काढलं नाही. त्रिफुन वारले तेव्हा रादिशाने त्यांच्यासाठी मेणबत्ती लावली, आणि मला मान वर करवेना.

गेल्या शरदात, पितरांच्या शनिवारी, आम्ही दोघे स्मशानात गेलो. उकडलेले गोड गहू ठेवून त्याने बापाच्या थडग्यावर थोडी राकिया, आमच्याकडची फळांची दारू, ओतली आणि बाटली माझ्याकडे दिली. पाऊस येणार म्हणाला. गुडघा सांगत होता. हवामान खात्यात नोकरी धर, असं मी म्हणालो. तो हसला, आणि त्याच वेळी, का कोण जाणे, माझ्या तोंडून सगळं बाहेर पडलं.

त्याने थडग्यावरची मेणबत्ती सरळ करून मातीत घट्ट रोवली.

"मला माहीत होतं," म्हणाला.

"त्रिफुननी सांगितलं?"

"नाही रे. सामन्याच्या दिवशी सकाळी बाबांचा फोन यायचाच. दोन शिव्या द्यायचे आणि ठेवायचे. त्या दिवशी आला नाही. तू जेवत नव्हतास. त्रिफुन माझ्याकडे बघायचं टाळत होते. बाबांचं काही कळलंय का, असं तुला थेट विचारलं असतं तर तू खरं सांगितलं असतंस, वोया. म्हणून विचारलं नाही. मला खेळायचं होतं."

इतकी वर्षं मला वाटायचं, तो एक दिवस माझी गचांडी धरेल आणि मी मोकळा होईन. त्याने बाटलीला बूच लावलं. दुसऱ्या दिवशी तो कॉफीला आला नाही, आणि तिसऱ्या दिवशी मीही त्याच्या दारावर थाप मारली नाही. माझ्याकडे बघितलं की त्याला आता स्वतःचंच तोंड दिसत असणार.

हिवाळ्यात घर विकून तो निशला बहिणीकडे राहायला गेला. जाताना भेटला नाही. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही.