आवळलेली वायर

मी एक जुनी ड्रिल मशीन आहे, मित्रांनो, आणि या घरात भिंतीवर जे काही टिकून आहे ते माझ्यामुळे.

कारखान्यातून आले तेव्हा माझी वायर काळीभोर, मऊ होती. या घरचे काका हेडक्लार्क, टापटीप त्यांच्या अंगात मुरलेली. काम झालं की ते वायर माझ्याभोवती आवळून गुंडाळत, टोक खोचत आणि मला पेटीत ठेवत. पाहुणे कौतुक करत. चौदा वर्षं ते कौतुक मी श्वास रोखून सोसलं.

मग काकांची आई, म्हणजे आजी, बाथरूममध्ये घसरल्या. खुब्याचं ऑपरेशन झालं. चार वाजता त्या दवाखान्यातून घरी येणार होत्या आणि त्याआधी त्यांना धरायला बाथरूमच्या भिंतीवर स्टीलचा दांडा बसवायचा होता. काकांनी माझं बटण दाबलं. मी गप्प.

काकांनी मला हलवलं, फुंकर मारली, घरातल्या सातही सॉकेटमध्ये लावून पाहिलं. मग पोट उघडलं, स्क्रू वर्तमानपत्रावर उंचीनुसार मांडले, आतली धूळ पुसली आणि पोट बंद केलं. तीन वाजले.

"संपली ही," काका म्हणाले. "दांडा उद्या बघू."

"आणि आईंनी आज काय धरायचं? तुमची टापटीप?" काकू शेजारच्या खोलीतला शिवणाचा क्लास सोडून आल्या.

त्यांनी माझ्या पोटाकडे पाहिलंही नाही. वायर जिथे माझ्या मुठीत शिरते, तिथे ती हळूच वाकवून बटण दाबलं. मी खोकले.

"अहो, माझ्या इस्त्रीची वायर दरवर्षी इथेच तुटते. आतल्या आत, वरून कळत नाही. गळा आवळल्यावर ती बिचारी बोलणार कशी?"

प्लग काढून, माझी मूठ उघडून त्यांनी तुटका वीतभर भाग कापला आणि उरलेली वायर आत नीट जोडली. काका टॉर्च धरून उभे होते. तेवढं त्यांनी चोख केलं.

त्यानंतर काकूंच्या हातात मी जी गरजले, मित्रांनो! चार भोकं पाडली, एकाही टाइलला तडा नाही.

आजी आल्या त्या थेट दांड्याशी. एक हात वॉकरवर ठेवून दुसऱ्याने त्यांनी दांड्याला हिसका दिला. तो जागचा हलला नाही.

"पक्का आहे. कोणी बसवला रे?"

"मी टॉर्च धरला होता," काका म्हणाले.

माझं मागणं एवढंच, की वायर सैल, मोठे वेढे देऊन ठेवा. काका आता तसंच ठेवतात. पेटीत मी जरा गबाळी दिसते. मधूनच ते झाकण उघडतात, वायरीकडे बघतात, हात पुढे करतात आणि उसासा टाकून मागे घेतात.

मी मात्र बटण दाबताच पहिल्या झटक्यात चालू होते.