इंदू, शरदिनी आणि अमुकराव

मी नवऱ्याचं नाव घेत नाही. तोंडाने नाही आणि कागदावरही नाही. घ्यायचंच झालं तर उखाण्यात घेते, आणि एकदा घेतलेला उखाणा त्याच दिवशी पुन्हा घेत नाही. शिळा उखाणा म्हणजे आमच्या सासूबाईंच्या लेखी उष्टं ताट. सासूबाई जाऊन एकवीस वर्षं झाली, काशीतल्या आमच्या गल्लीतल्या नव्या सुना नवऱ्याला खिडकीतून नावाने हाका मारतात, पण माझी जीभ वळत नाही ती नाहीच. त्यामुळे पुढे जिथे नाव येईल तिथे तुम्ही ‘अमुकराव’ वाचा.

माझ्या भावाचा मुलगा श्रीराम पुण्याला असतो. त्याला मुलगी झाली. बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगायचा मान आत्याचा. श्रीरामला सख्खी, चुलत कुठलीच बहीण नाही, म्हणून त्याची आत्या, म्हणजे मी, हवी होते. पण बारशाच्या आठवड्यातच ह्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि रेल्वेने जायचे दिवस हातातून गेले. श्रीराम म्हणाला, “आत्या, विमानाने ये. दुपारी विमानात बस, संध्याकाळी सहाला पाळणा. तू आल्याशिवाय पोरीला नाव नाही.” आणि त्याने तिकीट काढूनही टाकलं.

तिथेच घोळ झाला. माझं माहेर ब्रह्माघाटावर, सासर पंचगंगा घाटावर. मध्ये दोन गल्ल्या आणि एक सांड. माहेरी मी इंदू. लग्नात ह्यांनी ताटातल्या तांदळात अंगठीने ‘शरदिनी’ लिहिलं आणि तेव्हापासून सासरी मी शरदिनी. आधारकार्डावर शरदिनी. श्रीराम जन्मापासून मला इंदूआत्या म्हणतो, त्याला दुसरं नाव आहे हेच ठाऊक नाही. त्याने तिकिटावर लिहिलं इंदू. आणि आम्ही दोघांनी ते तिकीट देवापुढे ठेवून हळदकुंकू वाहिलं, पण वाचलं कुणी नाही.

विमानतळाच्या दारात वर्दीतल्या माणसाने तिकीट आणि आधार हातात घेतलं. नाव त्याने बघितलंच नाही. “फोटो में चश्मा नहीं है,” म्हणाला. मी चष्मा काढला. मग मला तो दिसेना. “ठीक है,” असं कुणीतरी म्हणालं, आणि मी आत गेले. ह्यांचं तिकीट नव्हतं, म्हणून हे बाहेरच राहिले, डोळ्याला काळा चष्मा लावून कठड्याला टेकून. “घबराऊ नकोस गं,” मागून ओरडले. “फोन चालू ठेव. विमान उडेपर्यंत मी हलत नाही.”

काउंटरवरच्या मुलीने मात्र नाव वाचलं.

“ये इंदू कौन हैं?”

“मैं.”

“और शरदिनी?”

“वो भी मैं.”

“नाम बदला है? सर्टिफ़िकेट दिखाइए.”

मी तिला तांदळाचं सांगितलं. ती म्हणाली, तो तांदूळ कुठे आहे. आता तांदूळ कुठे असणार? सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी त्याची खीर केली होती आणि ती सगळ्या घराने खाल्ली. माझा दाखला माझ्याच पोटात गेला, एक्केचाळीस वर्षांपूर्वी.

पण आमचे हे नोकरीत होते तेव्हा युनिव्हर्सिटीच्या रेकॉर्ड सेक्शनला होते. घरातून निघताना त्यांनी मला एक फाईल बांधून दिली होती. तिच्यात माझा शाळेचा दाखला होता, त्यावर इंदू. लग्नाची पत्रिका होती, तिच्यावर चि. सौ. कां. इंदू आणि शेजारी ह्यांचं नाव. आधारवर शरदिनी आणि खाली पुन्हा ह्यांचं नाव. मुलगी हुशार होती. म्हणाली, दोन्हीकडे पती एक असेल तर बायकोही एकच असणार. “पति का नाम बोलिए.”

“इसमें लिखा है.”

“लिखा तो हम भी पढ़ रहे हैं, माताजी. आप मुँह से बोलिए.”

मागे चाळीस माणसं. मी पदर सारखा केला आणि घेतलं:

“पंचगंगेच्या पायऱ्या चढून चढून दमले,
अमुकरावांचं नाव घेताना काउंटरवर थांबले.”

 मुलीने विचारलं, ह्यात नाव कोणतं आणि पायऱ्या कोणत्या. मागच्या रांगेतून एक गृहस्थ वासुदेवराव पुढे आले, शिंदे घाटाकडचे, ह्यांच्याशी बँकेत कधीकाळी ओळख झालेले. त्यांनी तिला हिंदीत फोड करून सांगितली. मुलीने विमानाचा पास छापला, त्यावरचं ‘इंदू’ पेनाने खोडलं, वर ‘शरदिनी’ लिहिलं, मागच्या बाजूला शिक्का मारला आणि हसून म्हणाली, “हो गया. अब आप शरदिनी हैं. इंदू को भूल जाइए.”

पुढच्या दोरीपाशी उभा असलेला अधिकारी पास बघून दचकला. “काट-कूट नहीं चलेगी. नया प्रिंट लाइए.” मी परत काउंटरवर. मुलगी म्हणाली, नवीन छापला तर मशीन पुन्हा इंदूच छापणार. मी परत दोरीपाशी. तोवर तिथला माणूस बदललेला. तो म्हणाला, “काट-कूट से क्या दिक्कत है? लेकिन मोहर आगे होनी चाहिए, आपकी पीछे है.” मी परत काउंटरवर, पुढे शिक्का मारून परत दोरीपाशी. तोवर पहिला आलेला. त्याने दोन शिक्के बघितले आणि विचारलं, दोन कशाला? माणूस एक की दोन?

आता मला राग आला. मला एकदा राग आला की शब्द आपोआप जुळतात, हा माझा दोष आहे. त्याने पतीचं नाव विचारताच मी खणखणीत म्हटलं:

“एक म्हणतो पुढून शिक्का, एक म्हणतो मागून,
अमुकरावांचं नाव घेते तिसऱ्यांदा रांगेला लागून!”

वासुदेवरावांनी पुन्हा फोड केली. रांगेत टाळ्या पडल्या. अधिकाऱ्याने घाईघाईने दोरी उचलली. टाळ्या वाजवणारी रांग कुठल्या नियमात बसते हे त्याला आठवत नसावं.

तपासणीत पिशवीतली सहाण निघाली. बाळाला घुटी उगाळून द्यायची साधी दगडी सहाण. ती यंत्रातून दोनदा गेली, तीन जणांनी तिचा वास घेतला. पडद्याआड एका बाईशिपायाने मला हात पसरायला लावले, अंगावरून यंत्र फिरवलं आणि हळूच म्हणाली, “चाची, बाहर जो सुनाया, एक मेरे लिए भी.” हिला नाव तपासायचं नव्हतं, नुसती हौस होती. तिच्यासाठी मी ताजा केला:

“पडद्याआड उभी राहून हात केले आडवे,
अमुकरावांसंगे झाले एक्केचाळीस पाडवे.”

तिला एक अक्षर कळलं नाही, पण तिने सहाण स्वतःच्या हाताने पिशवीत भरून दिली. दिवसभरात माझ्याशी माणसासारखी वागली ती तेवढीच.

आत जाऊन बसले. ह्यांना फोन केला, सगळं सांगितलं. हे म्हणाले, “फाईल कामाला आली की नाही?” पुरुषांना शाबासकी लागतेच. मी दिली.

मग मी फोन चालूच ठेवून निवांत बसून राहिले. वर आवाज चालू होता. कुणी इंदू म्हणून बाई होती, तिचं पुण्याचं विमान सुटायला आलं होतं आणि ती सापडत नव्हती. “यात्री इंदू, कृपया तुरंत आएँ.” मी शेजारच्या बाईंना म्हटलंसुद्धा, “कशा असतात बघा बायका, वेळेचं भान नाही.” हे फोनवर म्हणाले, “कोण इंदू गं?” मी म्हटलं, “असेल कुणी.” सकाळपासून तीन माणसांनी मला बजावून सांगितलं होतं की मी इंदू नाही, आणि मी सरकारी माणसाचं ऐकणारी बाई आहे.

तिसऱ्यांदा आवाज आला तेव्हा फोनवर हे ओरडले, “अगं, इंदू तूच!”

मी उठले ती धावलेच. साठीची बाई, नऊवारी नाही पण सहावारीसुद्धा धावायला सोयीची नसते, एका हातात सहाणेची पिशवी, दुसऱ्या हातात चालू फोन. शेवटच्या दारात एक कोवळा मुलगा टाय लावून उभा होता. मागे काचेचं दार अर्धं ओढलेलं. त्याने पास बघितला.

“आप शरदिनी हैं. हम इंदू को ढूँढ रहे हैं.”

“बेटा, मैंच इंदू.”

“इसमें इंदू कटा हुआ है.”

“तेरे ही लोगों ने काटा!”

“मैडम, मुझे सिस्टम से मिलाना पड़ेगा. इंदू के पति का नाम बताइए. जल्दी. दरवाज़ा बंद हो रहा है.”

मी तोंड उघडलं. विमानाचं दार... दार, गार, चार. काही जुळेना. वासुदेवराव कधीच आत जाऊन बसले होते. मुलाने दार आणखी वीतभर ओढलं. मला एकदम पाळणा दिसला. सहा वाजलेत, पाळण्याभोवती बायका उभ्या आहेत, आणि त्यात ती एवढीशी पोर बिननावाची पडली आहे. मला तिथे स्वतःला दोन-दोन नावं असल्याची लाज वाटली. एक तिला कोण नेऊन देणार?

“रत्नाकर!” मी ओरडले. “रत्नाकर! रत्नाकर आहे त्यांचं नाव!”

ना पायऱ्या, ना पाडवे. नुसतं नाव, तेही तीनदा, शिळं. मुलाने यंत्रावर बोट दाबलं, पास फाडून अर्धा मला दिला आणि दार उघडलं. “जाइए, जाइए.”

मी त्या लांब बोळातून धापा टाकत निघाले. मग लक्षात आलं की फोन चालूच आहे. ह्यांनी सगळं ऐकलं होतं.  मला वाटलं रागावले.

“अहो?” मी म्हटलं.

“आहे,” हे म्हणाले. आवाज बसलेला होता. “काही नाही गं. आई गेल्यापासून कुणी असं नुसतं नाव घेतलं नव्हतं. सगळे काका, नाहीतर पंडितजी. मी विसरलोच होतो माझं नाव कसं ऐकू येतं ते.”

मला रडू आलं. विमानाच्या तोंडाशी एक मुलगी हात जोडून उभी होती, तिने पुन्हा पास मागितला. मी तो तिच्या हातात कोंबला आणि फोन तोंडाजवळ धरला.

“रडू नका, टाके ओले होतील,” मी म्हटलं. “आणि रत्नाकर, चार वाजता डोळ्यात थेंब घाला.”