परतीच्या खुणा

आमच्या गावच्या बागा-वाटा कार्यालयात पाट्या रंगवणारी मी एकटीच. 'फुले तोडू नयेत'पासून ते दगडी पुलाच्या इतिहासापर्यंत गावातली सगळी अक्षरं माझ्या हातची. लोक रोज माझी पाटी वाचतात आणि तिच्याच खालची फुलं तोडतात. एवढं पाहून माझा स्वभाव गोड राहिला असता तरच नवल.

माझे सासरेही याच कार्यालयातले. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण नदीकाठची वाट काही त्यांनी सोडली नाही. वेशीजवळच्या लाकडी फाटकापासून निघून काठाकाठानं वरच्या अंगाला जुन्या जकातघरापर्यंत जाणारी ही दोन तासांची पायवाट. तीस वर्षांपूर्वी त्यांनीच झाडोरा तोडून ती मोकळी केली आणि झाडांवर, दगडांवर तळहाताएवढ्या पिवळ्या खुणा केल्या. दरवर्षी थंडी सरली की रंगाचा डबा घेऊन जायचं आणि खुणा ताज्या करायच्या, हा त्यांचा नेम. सासूबाई म्हणतात, "यांचं पहिलं लग्न त्या वाटेशी झालंय. मी दुसरेपणावर आलेय."

गेल्या दोन वर्षांत मात्र त्या वाटेवर तीनदा माणसं चुकली. तिसऱ्या वेळी एक आजोबा आणि त्यांची सात वर्षांची नात. संध्याकाळी एका मासेमाऱ्याला ती दोघं गुडघाभर चिखलात, उंच गवतात उभी असलेली सापडली. इजा कुणाला झाली नाही, पण दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला बोलावलं.

"नवा नकाशा छापायला जातोय," ते म्हणाले. "जकातघराची वाट त्यावर ठेवायची की बंद करायची, हे तुम्ही चालून बघा आणि गुरुवारपर्यंत लिहून द्या."

"मी? अहो साहेब, ते माझे सासरे आहेत."

"म्हणूनच. दुसऱ्या कुणी लिहिलं तर ते त्याला सरळ नदीत ढकलतील."

खरी अडचण वेगळीच होती. चौदा वर्षं त्या घरात नांदले, वाटेची पाटी मी रंगवली, पण त्या वाटेवर माझं पाऊल कधी पडलं नव्हतं. मला चालायचा मनापासून कंटाळा आहे. आणि दिशांचं म्हणाल, तर मी आमच्या मंडईतही एका दारानं शिरून दुसऱ्यानं बाहेर पडले की घर कुठल्या बाजूला ते विचारून घेते.

घरी सांगितलं तेव्हा सासऱ्यांनी, म्हणजे बाबांनी, चहाचा कप खाली ठेवला. "माझ्या वाटेवर माणूस चुकत नाही," ते म्हणाले. "उद्या चल. तू चुकून दाखव."

मंगळवारी सकाळी निघालो. मी पुढे, ते दहा पावलं मागे. मी मुद्दामच त्यांना काही विचारत नव्हते. पहिला फाटा आला, माझे पाय रेंगाळले, मान वर केली तर समोरच्या झाडावर पिवळी खूण. पुढे वाट ओढ्यात उतरते आणि पलीकडे दिसेनाशी होते. 'आता सापडले म्हातारे' म्हणेपर्यंत पलीकडच्या दगडावर खूण. अशी पाच-सहा वेळा माझी फजिती झाल्यावर मला राहवलं नाही.

"बाबा, मला शंका आली रे आली की खूण दिसते. हे कसं काय?"

"खुणा मी झाडं बघून केल्या नाहीत, माणसं बघून केल्यात. पहिलं वर्षभर मी अनोळखी लोकांच्या मागे मागे चालायचो. चालता चालता माणूस जिथे मान वळवतो ना, बरोबर तिथून पुढची खूण दिसली पाहिजे."

"लोकांच्या मागे मागे? कुणी पोलिसांत नाही दिलं तुम्हाला?"

"एकदा दिलं. त्या फौजदारालाही घेऊन आलो मग. तो ओढ्याशी थांबला, म्हणून ती दगडावरची खूण."

मी हसले, पण मनातून थक्क झाले होते. मी माझी अक्षरं सुबक काढते, ओळी सरळ येतात, पण वाचणारा कुठे अडखळतो हे बघायला मी एकदाही पाटीमागे उभी राहिलेली नाही. या माणसानं वर्षभर लोकांच्या पाठी बघितल्या. माझ्या घरात, माझ्या समोर बसून जेवणारा माणूस एवढा मोठा कारागीर आहे, हे मला चौदा वर्षांनी कळत होतं आणि त्याची मला लाजही वाटली.

वाटही तशीच देखणी. जुन्या वीटभट्टीची चिमणी, तिच्या टोकावर उगवलेलं झुडूप, मग काठाला लागून एक लांब वळण, आणि शेवटी जकातघर. हातभर जाडीच्या भिंती, आणि पाण्याकडे उघडणारी एकच खिडकी. पूर्वी तिथे बसून कारकून येणाऱ्या-जाणाऱ्या नावा अडवायचा. दाराच्या दगडी चौकटीवर जुन्या पुरांच्या रेघा कोरलेल्या होत्या. सगळ्यांत वरची रेघ माझ्या कपाळाच्याही वर गेली होती. बाबांनी ती बोटानं पुसली, जणू तिच्यावर धूळ बसलेली त्यांना खपत नव्हती.

खाली धक्क्याच्या पायऱ्यांवर बसून आम्ही डबा खाल्ला. शेजारी एक नाव पालथी पडली होती, तिच्या कडेनं गवत वाढलं होतं.

"नावाडी होता तेव्हा बरं होतं," बाबा म्हणाले. "इथून बसलं की अर्ध्या तासात गावात. दोन वर्षं झाली, गुडघे गेले त्याचे. मुलीकडे राहतो आता."

वाटेत दोष काढायला मला जागाच सापडली नव्हती. मग माणसं चुकली कशी? मी म्हटलं, "बाबा, परतताना मी एकटी पुढे निघते. तुम्ही पाव तासानं या."

पाव तास तरी कशाला? पाचव्या मिनिटाला मी चुकले. वाटेला दोन तोंडं फुटली होती, दोन्ही सारखीच तुडवलेली. खूण शोधली, नाही. मी उजवीकडे गेले आणि बघता बघता पाय घोट्यापर्यंत चिखलात. डोक्यावरून उंच गवत, नदीचा आवाज चहूकडून. त्या सात वर्षांच्या पोरीच्या डोक्यावरून हे गवत किती उंच गेलं असेल, तेच मनात आलं. कशीबशी मागे फिरले, फाट्याशी आले आणि पुन्हा जकातघराकडे तोंड केलं, तर समोरच्या झाडावर ठसठशीत पिवळी खूण. मघाशी मी त्याच झाडाची पाठ बघत उभी होते.

बाबा आले. मी झाडाच्या कोऱ्या बाजूकडे बोट दाखवलं.

मग त्यांनी त्या कोऱ्या खोडावर हात ठेवला. "जाताना चालत जायचं, येताना नावेनं यायचं," ते हळूच म्हणाले. "सगळेच तसे यायचे. मीही. परत चालत कुणी येईल, हे मनातच आलं नाही कधी."

"आणि गेली दोन वर्षं? तुम्ही तर चालतच येता."

"येतो की. पण मला खुणा कशाला बघायला लागतात?"

दिव्याखाली अंधार, हे माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. तेवढ्यात मला फाटकावरची माझी पाटी आठवली. तिच्यावर शेवटची ओळ होती, 'परतीसाठी धक्क्यावर नाव मिळेल.' नावाडी मुलीकडे गेला तेव्हा साहेबांनी ती पुसायला सांगितली. मी पांढरा रंग घेतला, ओळ पुसली आणि चहाला गेले. लोक मग परत कसे येतील, हा प्रश्न मलाही पडला नाही.

"बाबा, नावेची ओळ मी माझ्या हातानं पुसली होती," मी म्हटलं.

त्यांनी ऐकलं की नाही कुणास ठाऊक. ते दगडावर बसले. एकदम थकलेले दिसले. "काल मी छाती काढून म्हणालो, माझ्या वाटेवर माणूस चुकत नाही. एवढीशी पोर होती ती. लिही तू, सूनबाई. बंद करा म्हणून लिही."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच्या मागोमाग रागही. "अजिबात लिहिणार नाही. तीस वर्षांची वाट एका बाजूच्या रंगासाठी बंद करायची? पिशवीत रंगाचा डबा आहे ना? लावा रंग."

"कुठे लावू? इथे माणूस कुठे अडतो, ते मला दिसेनासं झालंय. मला या वाटेवर चुकताच येत नाही आता."

"मला येतं," मी म्हटलं. "माझ्याइतकं चांगलं गावात कुणालाच येत नाही. मी पुढे चालते. जिथे मान वळवीन, तिथे बघा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्या दिवसात पहिल्यांदा हसले. "एवढी गुणाची सून घरात होती आणि मी परक्यांच्या मागे फिरत होतो."

दोन तासांच्या वाटेला आम्हाला संध्याकाळ झाली. मी अडतीस ठिकाणी थांबले. दोनदा चुकीच्या बाजूला गेलेसुद्धा, पण त्यांनी हाक मारली नाही. मी स्वतः परत येईपर्यंत ते ब्रश धरून उभे राहिले आणि मग खूण केली. 'जरा वर बघ' म्हणून मला दटावलंही नाही. जिथे माझी नजर गेली, तिथेच रंग लागला.

मी जे घडलं ते सगळं लिहिलं, माझ्या पुसलेल्या ओळीसकट. शेवटी लिहिलं, 'निर्णय घेण्याआधी साहेबांनी स्वतः जाऊन चालतच परत यावं.'

गुरुवारी सकाळी साहेब एकटे गेले. बाबा आणि मी फाटकाशी थांबलो. आयुष्यभर या वाटेवर चाललेला माणूस तिच्या तोंडाशी वाट बघत थांबला होता, आणि त्याला ते अजिबात जमत नव्हतं. बसत होते, उठत होते, पिशवीतला डबा चाचपत होते. चार तास झाले. मग आणखी पाऊण तास. मी गवतात शिरायच्या तयारीनं चपला घट्ट केल्या.

तेवढ्यात वळणावर साहेब दिसले. बूट कोरडे.

"चुकलात?" बाबांनी विचारलं.

"नाही."

"मग इतका वेळ? थांबलात कुठे?"

"थांबलो ना, एके ठिकाणी."

बाबांचा हात लगेच पिशवीत गेला. "कुठे? कुठल्या बाजूला बघत होतात?"

"वीटभट्टीच्या पलीकडे ते लांब वळण आहे ना, तिथे." साहेब जरा ओशाळले. "वाटेसाठी नाही हो. नदी बघत बसलो. जन्म गेला या गावात, पण इतकी रुंद आहे हे माहीतच नव्हतं."

बाबांनी पिशवीतून हात बाहेर काढला. तो रिकामा होता.

"तिथे खूण नको," ते म्हणाले. "तिथे थांबू दे लोकांना."