जड निळा

आमच्या वहिनीचा राग नाकावर असतो आणि माझा जिभेवर, त्यामुळे आमच्या घरात शांतता अशी कधी नव्हतीच. पण मुंगीच्या रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा आम्ही दोघी इस्पितळाच्या बाकावर तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारख्या बसून राहिलो.

मुंगी म्हणजे माझी भाची. दादा-वहिनीची एकुलती एक, नुकतंच पाचवं लागलेली. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून मी मुंगी म्हटलं, आणि शाळेच्या बाईसुद्धा आता तेच म्हणतात. कित्येक महिने तिचं पोट दुखत होतं. एका डॉक्टरने जंत म्हणून औषध दिलं, दुसऱ्याने टॉनिक दिलं, तिसरा म्हणाला की पोर लाडावलेली आहे, आत्या फार कडेवर घेते. त्या तिसऱ्याला मी अजून माफ केलेलं नाही. मग मुंगी जिना चढताना अडखळायला लागली. कालपर्यंत येणारे शब्द तिला आठवेनात. चमच्याला काय म्हणतात ते मला विचारायची आणि मी सांगितलं की हसायची. शेवटी मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरबाईंनी रक्त तपासायला पाठवलं, आणि त्यात शिसं निघालं. थोडंथोडकं नाही, मोठ्या माणसाला आडवं करेल एवढं.

डॉक्टरबाईंनी विचारलं, घरात कोण काय काम करतं? मी पडदे शिवते. दादा जुनी चित्रं दुरुस्त करतो. कुठे रंग उडालेला असेल तिथे तसाच रंग भरतो. आणि वहिनी त्याला रंग करून देते. रंग म्हटल्यावर बाईंनी पेन खाली ठेवलं. पण वहिनीने त्यांना पुढे बोलूच दिलं नाही. जुन्या लोकांचा पांढरा शिशाचा असायचा, तांबडाही असायचा, हे तिला बाईंपेक्षा आधीपासून ठाऊक होतं, आणि मुंगी पोटात होती तेव्हाच तिने ते सगळे डबे घराबाहेर काढले होते. तेव्हापासून ती फक्त निळा करते. दगडाचा निळा. दादाच्या ओळखीचा एक दगडवाला आहे, तो बंद पडलेल्या खाणींच्या ढिगाऱ्यांतून निळे दगड वेचून आणतो. त्यात तांबं असतं. अझुराइट म्हणतात त्याला. वहिनी तो खलात कुटते, पाण्यात धुते, निथळते, पुन्हा धुते, आणि काचेवर घोटते. तांब्याने पोट बिघडेल फार तर, पण शिसं त्यात नसतं.

हे सगळं खरंच होतं. म्हणून तर आमचा घात झाला.

तपासणीला दोन माणसं आली. त्यांनी पाणी नेलं, भांडी नेली, मुंगीची खेळणी नेली, झोपायच्या खोलीतला भिंतीचा पोपडा नेला. वहिनीच्या रंगकामाच्या खोलीत त्यांनी डोकावून पाहिलं. तिने सांगितलं की इथे तांब्याचा दगड आहे. त्यांनी मान डोलावली. आठवड्याने निरोप आला की भिंतीच्या जुन्या रंगात शिसं आहे. आम्हाला केवढं हायसं वाटलं. चोर सापडला असं दादा म्हणाला, आणि मी त्या भिंतीला इतक्या शिव्या घातल्या की शेजारच्या काकू बघायला आल्या. चोर खरोखर होता, पण भुरटा. मोठा चोर घरातच राहिला.

मुंगीला औषध देऊन शिसं बाहेर काढलं. घरी आणायच्या दिवशी प्रश्न पडला की झोपवायचं कुठे? भिंती खरवडून झाल्याशिवाय त्या खोलीत नेता येत नव्हतं. माझी खोली म्हणजे कापडाचा धुरळा. वहिनी म्हणाली की आपल्या घरात सगळ्यात स्वच्छ खोली माझी आहे. तसं होतंही. ती रोज ओल्या फडक्याने लादी पुसते, चपला दाराबाहेर काढायला लावते, मला तर उंबऱ्याच्या आत शिंकूही देत नाही. मुंगीचा छोटा पलंग आम्ही तिघांनी उचलून तिथे नेला. खिडकीशी लावला, कपाटाच्या खाली, जिथे निळ्याचे डबे होते.

दादाकडे तेव्हा एक मोठं चित्र आलेलं होतं, त्यात एका बाईचा पायघोळ निळा झगा होता, आणि अर्धा झगा उडालेला. त्यामुळे वहिनीचं काम थांबलं नाही. मुंगी पलंगावर पडून बघत राहायची. काचेवर दगड फिरायला लागला की घर्र घर्र आवाज यायचा, आणि त्या आवाजावर पोरगी झोपी जायची. मी दारातून पाहायची आणि मला बरं वाटायचं.

पुन्हा रक्त तपासलं तेव्हा शिसं पहिल्यापेक्षा जास्त होतं. त्याच आठवड्यात मुंगीला झटका आला. डोळे फिरवले, दातखीळ बसली, हातपाय कडक. दादा तिला उचलून जिना उतरला तेव्हा त्याच्या पायात चप्पल नव्हती. इस्पितळात डॉक्टरबाईंनी झटका थांबवला, औषध सुरू केलं, आणि आम्हाला बाहेर बोलावून स्पष्ट सांगितलं.

"मी शिसं काढते आणि तुम्ही घरी जाऊन पुन्हा भरता. हे आता मेंदूपर्यंत गेलंय. पुढचा झटका थांबेलच असं मी सांगू शकत नाही. कुठून येतंय ते शोधा. ते सापडेपर्यंत तिला घरी पाठवायची माझी हिंमत नाही."

दादा मुंगीजवळ थांबला. आम्ही दोघी घरी गेलो आणि घर उलटं केलं. मी पितळेचं सगळं बाहेर फेकलं, नळ काढायला लावले, माझ्या पडद्यांच्या कडेला घालायच्या वजनाच्या गोळ्यासुद्धा फोडून पाहिल्या, लोखंडाच्या निघाल्या. जीव नुसता टांगणीला. काहीच सापडत नव्हतं आणि प्रत्येक गोष्टीवर संशय येत होता. शेवटी मी वहिनीच्या दारात उभी राहिले आणि म्हटलं की आता ही खोली.

वहिनी रागावली की मला वन्सं म्हणते. एरवी नावानेच हाक मारते.

"वन्सं, माझ्या खोलीत तांबं आहे. शिसं नाही. किती वेळा सांगू?"

मी म्हटलं नसेल तर नसेल, पण डबे तरी बाहेर काढू. माझंही डोकं फिरलं होतं. तिला न विचारता मी कपाट उघडलं आणि वरच्या फळीवरचा डबा ओढला, तो माझ्या हातून सुटता सुटता राहिला. शेजारचा तेवढाच डबा मी सहज उचलला होता. दोन्ही काठोकाठ भरलेले, दोन्ही निळे. मी तिला विचारलं की यात काय खिळे भरलेस का.

यावर तिने जे सांगितलं ते तिने दादालाही मोठ्या कौतुकाने सांगितलेलं होतं. हलका डबा जुन्या दगडाचा. जड डबा थंडीत आलेल्या नव्या दगडाचा. निळा धुताना हलका, राखट भाग पाण्यावर तरंगत राहतो आणि चांगला निळा झटकन तळाला बसतो. तिच्या आईनेही हीच पारख शिकवली होती, की जो आधी बसेल तो खरा. नवा दगड तर दगड टाकावा तसा बसायचा. धुवायचे कष्ट निम्मे झाले होते. इतकी वर्षं काम करून इतका चांगला दगड पहिल्यांदा मिळाला म्हणून तिने दगडवाल्याला सांगून ठेवलं होतं की असला निघेल तेवढा सगळा मलाच आण.

"चांगला निळा जडच अस..." एवढं म्हणून ती थांबली.

मी तिच्याकडे बघत होते. तिचा चेहरा असा उतरत गेला की मला आधी वाटलं हिलाही झटका येतोय. ती उठली, न्हाणीघरातून लादी धुवायची ॲसिडची बाटली घेऊन आली. तांब्याचा निळा ॲसिडने फसफसतो, एवढं पुटपुटून तिने दोन बशा घेतल्या. एकीत जुना निळा चिमूटभर, दुसरीत नवा. जुन्यावर थेंब टाकला तसा तो फसफसला, सोड्यासारखे बुडबुडे आले. नव्यावर टाकला. काही झालं नाही. आम्ही दोघी वाकून पाहत राहिलो. मग तो निळा कडेकडेने पांढरा पडायला लागला. साय धरावी तसा वर पांढरा थर आला.

वहिनीने आणखी एक थेंब टाकला. मग आणखी एक. मी तिच्या हातातून बाटली काढून घेतली.

तरी तिला खात्री हवी होती, किंवा खरं तर कुणीतरी नाही म्हणायला हवं होतं. आम्ही एक दगड पिशवीत घालून कॉलेजच्या भूगर्भ विभागात गेलो. तिथे एक बाई होत्या, गळ्यात भिंग, टेबलावर दगडच दगड. त्यांनी आमचा दगड प्रकाशात धरला आणि त्यांचा चेहरा फुलला. भिंग लावून त्या बराच वेळ पाहत राहिल्या. मग सांगायला लागल्या, आणि सांगताना त्यांना थांबवेना. हे लिनाराइट. अझुराइटसारखंच गर्द निळं, भलेभले फसतात. पण यात तांब्याच्या जोडीला शिसं असतं, आणि गंधकाचा अंश. शिशाचं आणि तांब्याचं खनिज एकाच खाणीत शेजारी शेजारी असेल, आणि त्यावर वर्षानुवर्षं हवापाणी मुरलं, तर ती दोन्ही कुजतात आणि त्यातून हे तयार होतं. तेही बहुतेक वेळा सुईएवढं, दगडाच्या फटीत कुठेतरी. मऊ असतं, नखाने नाही तरी नाण्याने ओरखडा उठतो. जगात फार थोड्या ठिकाणी असं भरघोस मिळतं. लोक काचेच्या पेटीत ठेवतात.

"केवढा सुंदर नमुना आहे हो," त्या म्हणाल्या. "असं आणखी आहे का? कुठे आहे?"

"माझ्या मुलीच्या पोटात आहे," वहिनी म्हणाली.

त्या बाईंनी दगड हळूच टेबलावर ठेवला. मग उठून हात धुतले, आणि आम्हालाही नळाकडे नेलं. मग त्यांनी स्वतः आमच्यासाठी इस्पितळात फोन करून सगळं सांगितलं. मला त्यांचा राग आला होता, तो मी गिळला.

रिक्षात मी बडबडत होते. म्हटलं, सापडलं ना, आता औषध लागू पडेल, खोली बंद करू, भाड्याने दुसरीकडे राहू, पोरं चिवट असतात. वहिनी फक्त स्वतःच्या हातांकडे बघत होती. तिच्या नखांच्या कडा कायमच्या निळसर असतात. लग्नात दादाच्या मित्रांनी त्यावरून चिडवलं होतं, तेव्हा तिने ऐटीत हात पुढे केले होते.

डॉक्टरबाई दारातच भेटल्या. आता कारण कळल्यावर त्यांचा आवाज मऊ झाला होता. मुंगी जागी झाली आहे म्हणाल्या, दादाला ओळखलं, पाणी मागितलं. किती भरून येईल आणि किती गेलं ते इतक्यात सांगता येणार नाही. दादाला त्यांनी फोन आल्या आल्या अंघोळीला पाठवलं होतं, त्याचेही कपडे आणि हात त्याच निळ्याचे. मग त्या वहिनीला म्हणाल्या की तुम्ही नखं काढा, केस धुवा, हे कपडे पिशवीत बांधून टाकून द्या, तुमचंही रक्त तपासायचं आहे, आणि तोवर मुलीला हात लावू नका. तुमच्या अंगावर तेच आहे. वहिनीने मान हलवली. फक्त लांबून बघते म्हणाली.

मुंगी उशीला टेकून बसली होती. डोकं एका बाजूला कललेलं, ओठ सुकलेले, हाताला सुई. नर्स तिला चमच्याने पाणी पाजत होती. आई दारात दिसली तशी तिने चमचा बाजूला सारला आणि मोकळा हात पुढे केला. मग सुई टोचलेला हातही कसाबसा उचलला. दोन्ही हात पसरून ती वाट बघत राहिली.

वहिनीचं पाऊल आपसूक पुढे पडलं. मी तिचा पदर धरणार होते, पण गरज पडली नाही. ती मध्येच थबकली, दोन्ही हात पाठीमागे नेले आणि मागे सरकली.

मुंगीचे हात तसेच हवेत राहिले. ती आईच्या तोंडाकडे बघत होती, शब्द शोधत होती. ते सापडायला फार वेळ लागला.

"मी काही नाही केलं, आई."

"नाही गं राणी, तू काही नाही केलंस," वहिनी म्हणाली, आणि आणखी एक पाऊल मागे गेली.