मी जाड नव्हतो

मी ॲक्रिलिकचा तक्ता बोलतोय. मला काच म्हणू नका, राग येतो. माझी जाडी तीन मिलिमीटर, ना कमी ना जास्त. हे छातीठोकपणे सांगतोय, कारण याच गोष्टीवरून एका घरात दोन दिवस माझी बदनामी चालली होती.

दोन्ही अंगांवर कागद चिकटवलेल्या एकाच मोठ्या शीटमधून आम्हा चौघा भावांना कापलं आणि एका मुलीच्या घरी धाडलं. ती थ्रीडी प्रिंटरवर दुखऱ्या हातापायांना लागणारे आधार बनवते. खिडकीतून जरा वारा आला की तयार होणाऱ्या वस्तूचे कोपरे उचलायचे, थर सुटायचे. शेजारच्या शिलाईवाल्या काकूंच्या मनगटाचा आधार असाच दोनदा चिरला होता. सोमवारी काकू मशीनवर बसल्या नाहीत, तर त्यांची कामावरची जागा दुसरीला मिळणार होती. म्हणून प्रिंटरभोवती बंद पेटी हवी होती, आणि त्या पेटीच्या भिंती म्हणजे आम्ही.

पेटी जोडायला बसले मुलीचे बाबा. चाळीस वर्षं फिटर म्हणून काढलेला माणूस. वस्तू जपण्याचं वेड इतकं, की टीव्हीच्या रिमोटवरचं प्लॅस्टिक सहा वर्षांनीही निघालेलं नाही. आमच्या कागदालाही त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. सगळं झालं की शेवटी काढू, असं त्यांचं म्हणणं.

पेटीच्या खांबांच्या खाचा बरोबर तीनच्या मापाच्या. आम्ही काही आत जाईना. बाबांनी जाडी मोजायचा व्हर्नियर लावला, तर सव्वातीन भरलो. झालं! दुकानदार लबाड, माल भिकार, हल्ली कुणाला मापाची चाडच उरली नाही, असा त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. दुकानदाराला फोन करून त्याच्या सात पिढ्याही उद्धरून झाल्या. अहो, अंगरख्यासकट मोजलं तर माणूसही जाडच भरेल! पण तक्त्याचं ऐकतो कोण.

मग माझ्या एका भावाला रबरी हातोडीने ठोकलं. तो खाचेत गेला नाहीच, उलट कोपऱ्यापासून मध्यापर्यंत तडकला. मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. बाबांनी मात्र कानस काढली आणि मला उचललं.

मी ठरवलं, घासा हवं तेवढं, मी झिजणार नाही. कानस फिरली तसा कर्कश ओरडलो, थरथरलो, दोनदा त्यांच्या हातातून निसटलो. चूक माझी नसताना मी का म्हणून बारीक व्हायचं?

त्या झटापटीत कडेचा कागद फाटला आणि त्याचं टोक उभं राहिलं. मुलगी त्याच्याकडे बघतच राहिली. मग तिने ते टोक नखाने धरून कागद ओढायला घेतला. बाबांनी तिचा हात अडवला.

"ओरखडे पडतील गं."

"पडू देत, बाबा. वापरायलाच आणलाय ना?"

दोन्ही बाजूंचा कागद निघाला. व्हर्नियरने तीन दाखवलं. मी खाचेत सुळकन उतरलो, कुणी ढकलायची गरज पडली नाही.

बाबांनी व्हर्नियर खाली ठेवला. मग त्यांनी दुकानदाराला पुन्हा फोन लावला. "माल बरोबर होता," ते म्हणाले. "मी चुकलो." असं वाक्य त्यांच्या तोंडून घरात कुणी ऐकलेलं नव्हतं. तडकलेल्या भावाला त्यांनी स्वतः चिकटपट्टी लावली आणि मागच्या बाजूला बसवलं.

तिसरा आधार पेटीच्या उबेत अखंड निघाला. सोमवारी काकू तो घालून कामावर गेल्या.

मी आता पेटीच्या पुढच्या बाजूला उभा असतो, कडेवर कानशीचे पांढरे वण घेऊन. बाबा येताजाता माझ्यावरून फडकं फिरवतात. फिरवू देत. भावाचा तडा त्याने भरत नाही, आणि मी काही विसरणाऱ्यातला नाही. तुमच्याकडेही कुणी नेमून दिलेल्या जागी बसत नसेल, तर त्याच्या अंगावर तुम्हीच काय चढवून ठेवलंय ते आधी बघा. ते न बघता कानस घेऊन आलात, तर माझ्यासारख्याशी गाठ आहे.