आबांचं सिंहासन जपानला जातं

मित्रांनो, माझी उंची सध्या नऊ इंच आहे. तरीही मी एक सिंहासनच आहे. जुनं आहे, एवढंच.

मला जयसिंगपूरच्या आकाराम सुतारांनी आंब्याच्या लाकडातून घडवलं. त्यांनी सिंह कधी पाहिला नव्हता, त्यामुळे माझ्या हातांवरचे दोन्ही सिंह रेडकासारखे दिसतात. तरी शाहूपुरीतल्या एका नाटक कंपनीत मी बावीस वर्षं राज्य केलं. माझ्यावर राजा म्हणून बसायचे ते फक्त हंबीरराव. सगळे त्यांना आबा म्हणत. म्हातारपणी मात्र त्यांना कुणी भूमिका देईना.

१९९८ साली प्रसेनजीत नावाच्या तरुण दिग्दर्शकाने स्पर्धेसाठी नवं नाटक लिहिलं. हजार वर्षांपूर्वीच्या जपानी कथा वाचून त्याला ते सुचलं होतं. त्यात एक म्हातारा सम्राट शेवटी उठतो, राज्य सोडतो आणि डोंगरात निघून जातो. सम्राट झाले आबा. ही आपली शेवटची भूमिका, हे त्यांना ठाऊक होतं.

प्रसेनजीतने त्यांना पुस्तकातलं चित्र दाखवलं. "आबा, तिकडं समदी जमिनीवर बसत्यात. सिंहासनाचं पाय कापावं लागतील."

"बसंन की. पण उठायचं कसं?"

"सावकाश. जपानी माणूस सावकाशच उठतोय."

"तू बघितलायस व्हय?"

"न्हाय. पुस्तकात समदी बसल्यालीच हाईत."

आबांच्या गुडघ्यांविषयी कुणी विचारलं नाही. भूमिका जाईल म्हणून त्यांनीही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी माझे चारही पाय कापले गेले. तालमीत उठायची वेळ आली की आबा म्हणत, "ते प्रयोगालाच करतो."

प्रयोगात शेवटची बासरी वाजली. आबांनी माझ्या रेडकांवर हात टेकून जोर लावला. उठता येईना. पुन्हा लावला. दासी झालेली साक्षी जवळ येऊन कुजबुजली, "आबा, हात दिऊ?"

"लावू नगंस हात. राजा हाय मी."

पाच मिनिटं असंच चाललं. मग पडदा पडला आणि नाट्यगृह टाळ्यांनी दणाणलं. 'सम्राटाचा पाय राज्यातून निघत नाही, हा शेवट अस्सल जपानी वाटला,' असं परीक्षकांनी लिहिलं. दिग्दर्शनाचं पहिलं बक्षीस मिळालं. पडद्यामागे चौघांनी आबांना माझ्यासकट उचललं होतं.

प्रसेनजीत चषक घेऊन त्यांच्या घरी गेला. "आबा, फुडच्या प्रयोगातबी तसंच करा. उठू नगा."

आबा म्हणाले, "बरं."

पुढच्या प्रयोगाला ते आलेच नाहीत. त्यानंतर कधीच आले नाहीत. त्यांच्या जागी विजयसिंह नावाचा पैलवान आणला. रोज हजार बैठका मारणारा गडी तो, बासरी वाजली की टुणकन उठायचा. उठता येत नाही असं दाखवायला त्याला पंधरा दिवस तालीम द्यावी लागली.

मित्रांनो, म्हातारं माणूस एका जागी फार वेळ बसून राहिलं, तर त्याला तिथंच बरं वाटतंय असं समजू नका. टाळ्या नंतर वाजवा. आधी हात द्या, आणि त्याने नको म्हटलं तरी तो मागे घेऊ नका.